समुद्र रद्द कुणी केला?

नाही, पण तुम्हीच मला सांगा, समुद्र कधी रद्द होतो का? गाडी रद्द होते, सभा रद्द होते, आमच्या कॉलनीचं स्नेहसंमेलन तर आचारी पळाला म्हणून रद्द झालं, तेही आपण समजू शकतो... पण समुद्र? सकाळी दूध आणायला खाली उतरलं की जो तो विचारतो, "काय पगारे काका, समुद्र कसा होता?" मी म्हणतो, रद्द झाला. की लगेच, "कुणी केला?" आणि तुम्हाला सांगतो, इथं माझी बोबडी वळते! वादळानं केला म्हणावं, तर बोटीच्या कंपनीची बाई म्हणते, छे, आमच्याकडे तसं दिसतच नाही. आजारपणानं केला म्हणावं, तर आजारी नेमकं कोण होतं यावर आमच्या घरात अजून एकमत नाही. सगळे मिळून म्हणतात, मीच केला. मी! अहो, मी तर बॅग भरून तयार होतो!

थांबा, सुरुवातीपासून सांगतो, म्हणजे निदान तुमचा तरी गोंधळ व्हायला नको. मी किशोर पगारे, ओझरच्या विमानाच्या कारखान्यातून नुकताच रिटायर झालोय. उभा जन्म विमानं जोडण्यात गेला आणि विमानात बसलो एकदाच, तेही जमिनीवर उभ्या असलेल्या, आत पडलेला पाना शोधायला. तर आमची मुलगी स्नेहा, पुण्याला नोकरीला असते, तिच्या मनात आलं की बाबांना रिटायरमेंटची काहीतरी भेट द्यावी. आता भेट म्हणजे माणूस काय देतो? घड्याळ देतो, शाल देतो, फारच प्रेम उतू गेलं तर आरामखुर्ची देतो. हिनं दिली बोट! म्हणजे बोट नाही हो, बोटीवरची सफर. मालवणच्या बाजूला जायचं, शिडाच्या बोटीत बसायचं, किनाऱ्याकिनाऱ्यानं हिंडायचं, जेवायचं बोटीत, झोपायचं बोटीत. मी फोनवर म्हटलं, "शिडाची? म्हणजे इंजिन नाही?" ती म्हणाली, "इंजिन आहे बाबा, पण बंद ठेवतात. तीच तर मजा!" आता बघा, ज्या माणसानं इंजिन बंद पडू नये म्हणून जन्मभर जिवाचं रान केलं, त्याला ही सांगते की बंद ठेवण्यात मजा आहे. मला काही कळेना. पण हो म्हटलं.

म्हणजे लगेच हो नाही म्हटलं. कारण आमची ही, अंजली, हिला गाडी लागते. साधं नाशकातल्या नाशकात, आडगाव नाक्यावरून सीबीएस स्टँडला जायचं तरी हातात लिंबू आणि डोकं खिडकीबाहेर. ती म्हणाली, "अहो, मला बोट लागली तर? खिडकी कुठली उघडू?" मी म्हटलं, अगं बोटीला सगळीकडून खिडकीच असते.  तेव्हा खरं सांगायचं तर मी स्नेहाला 'नाही' असंच कळवणार होतो, फोनही हातात घेतला होता... आणि मला आक्का आठवली.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण, शकुबाई. नांदगावला असते. आईवडील आमचे लवकर गेले, मला वाढवलं ते तिनं. बाजारात बसून भाजी विकली, स्वतः शाळेची पायरी चढली नाही, पण मला आयटीआयपर्यंत ढकलत नेलं... अहो, असे गंभीर होऊ नका, ही गमतीचीच गोष्ट आहे, निदान मला तरी आधी तसंच वाटलं होतं. तर मी शाळेत असताना एकदा भूगोलाचं पुस्तक उघडून ओट्यावर बसलो होतो. आक्का विहिरीवरून पाणी घेऊन आली, हंडा रांजणात ओतला, जरा टेकली, आणि पुस्तकात डोकावून म्हणाली, "किशा, हे निळं निळं काय रं?" म्हटलं, समुद्र. पाणी आहे ते. "एवढं? कुणाचं हाय?" म्हटलं, कुणाचंच नाही. "कुणाचंच नाय?" तिनं त्या निळ्यावरून ओलं बोट फिरवलं, मग म्हणाली, "म्हंजे तिथं कुणी हाकलत नसंल." बस्, एवढंच बोलली. आणि रिकामा हंडा घेऊन पुन्हा विहिरीकडे गेली. त्या विहिरीवर आमचा नंबर सगळ्यांच्या शेवटी लागायचा, लागला तर.

म्हणून मी स्नेहाला सांगितलं, येतो, पण आक्काला घेऊन. लगेच नांदगावला फोन लावला. "जय भीम. कोन?" म्हटलं, आक्का, मी किशोर, तुला समुद्र दाखवायला नेतोय.   पलीकडून हळूच आवाज आला, "खरा?" म्हटलं, खरा नाही तर काय चित्रातला?

आणि आक्का आली की हो! आली ती बाजरीचं पीठ, ठेचा, तिळाची चटणी आणि एक भलाथोरला पाण्याचा कॅन घेऊन. भरलेला! मी म्हटलं, आक्का, अगं नाशिकला पाणी आहे. "तुझ्याकरता नाय आनलं. बोटीवर न्यायला हाय. समुद्राचं खारं ऱ्हातं म्हनं, मंग प्यायचं काय?" आता यात हसण्यासारखं काय आहे? मी हसलो नाही. एवढा प्रश्न स्नेहालाही सुचला नव्हता.

पण थंडी! तुम्हाला सांगतो, ह्या डिसेंबरात नाशिकला काय थंडी पडली होती! तिकडे निफाडला द्राक्षबागांत लोक शेकोट्या पेटवून बसलेले, इकडे आमच्या नळाखाली हात धरला तर बोटं आपली आहेत की शेजाऱ्याची तेच कळेना. आक्का म्हणजे पहाटे उठून, खाली जाऊन अंगण झाडणार, गार पाण्यानं आंघोळ करणार, "गरम पान्याची मला सवय नाय" म्हणणार. अंजली सांगून दमली. आणि निघायच्या आदल्या दिवशी, सगळ्या बॅगा दाराशी ओळीनं लागलेल्या, पाण्याचा कॅन सगळ्यांत पुढं, आणि आतल्या खोलीतून आवाज आला... खॉक्! मी विचारलं, काय झालं? "ठसका लागला." आता ज्या बाईनं दुपारपासून तोंडात काही घातलेलं नाही तिला ठसका कशाचा लागला? पुन्हा खॉक्. मी कपाळाला हात लावून बघितला, तर तवा!

आता हिला दवाखान्यात न्यायचं कसं? तू आजारी आहेस म्हटलं तर येणार नाही. मग मी डोकं चालवलं. इथंच चुकलं का माझं? असेल. मी म्हटलं, "आक्का, प्रवासाआधी मला जरा बीपी दाखवून यायचंय, चल माझ्यासोबत, मला एकट्याला नको वाटतं." झाली तयार. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांना मी डोळ्यांनी खुणावलं, त्यांनीही "आजी, आलाच आहात तर तुमचीही छाती बघतो" म्हणून तपासलं, आणि मग तिला बाहेर बसवून मला एकट्याला आत घेतलं. म्हणाले, "पगारे, छाती भरलीय. ह्यांना रजईतून बाहेर काढू नका. समुद्राचं वारं? अजिबात नाही! डोकं ठिकाणावर आहे ना?" मी बाहेर आलो. आक्का बाकावर बसली होती, पदर डोक्यावरून घट्ट घेतलेला. "काय म्हनला रं डागदर?" म्हटलं... गोळ्या दिल्यात. "पन जायचं ना?" आता तुम्ही माझ्या जागी असता तर काय म्हणाला असता? तो चेहरा समोर आणि तो प्रश्न. माझ्या तोंडून निघालं, "जायचं तर!"

घरी आलो ते डोकं धरूनच. गॅलरीत जाऊन उभा राहिलो. आता हिला सांगायचं कसं, आणि सांगायचं कुणी? तेवढ्यात फोन वाजला. बोटीचा तांडेल, म्हणजे बोट चालवणारा, थेट मालवणहून. "सायबानू, निघालास काय?" म्हटलं, उद्या निघतोय. "निघा नकात! समुद्र खवळलोसा. धोक्याचो बावटो लागलो हा. बोट काय सुटाची नाय!" म्हटलं, म्हणजे? "म्हंजे वादाळ!" आणि तुम्हाला सांगतो, मी आनंदानं उडी मारली! समुद्रात वादळ आलं म्हणून टुणकन उडी मारणारा अख्ख्या महाराष्ट्रात मी पहिलाच असेन. अहो, सुटलो ना मी! आता आक्काला आजाराचं काही सांगायलाच नको, तिला वाईट वाटायला नको, सगळा दोष वादळाचा. वादळाला थोडंच वाईट वाटतं?

फक्त उडी जरा जोरात झाली. धाप लागली, म्हणून छातीवर हात ठेवला. आणि मागं वळून बघतो तर दारात आक्का.

मी तसाच धापा टाकत म्हटलं, "आक्का... वादळ आलंय... बोट सुटणार नाही." तिनं वर बघितलं. आता नाशिकचं ते डिसेंबरातलं आभाळ तुम्हाला माहीत आहे, ढगाचा ठिपका नाही, घासूनपुसून ठेवलेल्या ताटासारखं! तिनं आभाळाकडे बघितलं, माझ्या छातीवरच्या हाताकडे बघितलं, आणि म्हणाली, "बरं." एवढंच! मी म्हटलं, चला, मिटलं. मला काय माहीत हिच्या डोक्यात काय शिजतंय?

हे सगळं मला मागाहून कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगतो. आक्का तडक स्वयंपाकघरात गेली आणि अंजलीला म्हणाली, "अंजली, किशाला काहीतरी झालंय. बीपी दाखवायला गेला व्हता, डागदरनं त्याला एकल्याला आत घेऊन सांगितलं. बाहेर आला तर तोंड एवढंसं. आता छाती धरून उभा हाय अन् मला वादळाच्या थापा मारतोय. बाई, पोरीला फोन लाव, ते बोटीचं रद्द कर." बघा! आहे का यात कुठं चूक? एकेक गोष्ट जशी दिसली तशी सांगितली तिनं! अंजलीनं हातातलं लाटणं टाकलं आणि स्नेहाला फोन लावला, "अगं, बाबांच्या छातीत काहीतरी होतंय, बोट रद्द कर!" स्नेहानं तिकडे बोटीच्या कंपनीला कळवलं आणि इकडे आमच्या वरच्या मजल्यावरच्या संतोषला फोन केला, "दादा, बाबांना पटकन दवाखान्यात ने!"

आणि मी? मी काय करत होतो? अंजलीनं तिच्या ओळखीच्या पोहण्याच्या तलावावरून माझ्यासाठी एक केशरी जाकीट मागून आणलं होतं, पाण्यात बुडू नये म्हणून घालतात ते. म्हटलं, आता बोट तर नाही, जाकीट परत करायचंय, तर परत करण्याआधी निदान एकदा घालून आरशात बघू. घातलं. स्वेटरवरून घातलं. डोक्याला माकडटोपी होतीच. आणि काढायला गेलो तर बकल निघेना! जन्मभर विमानाचे पट्टे सोडवले आणि हे एवढं प्लॅस्टिकचं बकल निघेना. ओढलं तर आणखी आवळलं. तोंड लाल झालेलं, श्वास अडकलेला, दोन्ही हात छातीवर... आणि त्याच क्षणी दार ढकलून संतोष आत! "काका! काका, घाबरू नका, मोठा श्वास घ्या!" म्हटलं, "अरे, बकल..." तो म्हणतो, "बोलू नका काका, बोलू नका!" आणि चक्क मला उचललं त्यानं. बॅगा दाराशी तशाच, कॅन तसाच, आणि मी केशरी जाकीट घालून संतोषच्या गाडीत! शेजारी आक्का, माझा हात घट्ट धरून, पलीकडे अंजली. मी ओरडतोय की मला काही झालेलं नाही, आणि संतोष आरशातून बघत अंजलीला हळूच म्हणतो, "काकू, असं सगळेच म्हणतात." सगळेच म्हणतात! आता ज्याला खरंच काही झालेलं नाही त्यानं काय म्हणायचं मग?

पोचलो. पुन्हा तोच दवाखाना, तेच डॉक्टर. त्यांनी जाकिटाकडे बघितलं, टोपीकडे बघितलं. म्हणाले, "पगारे? हे काय?" संतोष म्हणाला, "हार्टचा त्रास होतोय." डॉक्टरांचं लक्ष आक्काकडे गेलं आणि ते जे भडकले! "अहो, पेशंट ह्या आहेत ना! ह्यांची छाती भरलीय, वारं लागू देऊ नका म्हणून मघाशीच बजावलं होतं मी तुम्हाला, आणि पुन्हा बाहेर घेऊन आलात?"

 नर्स कापूस हातात धरून तशीच उभी. आक्कानं माझा हात सोडला आणि विचारलं, "म्हंजे आजारी मी हाय?" म्हटलं, हो आक्का. "अन् तू?" म्हटलं, मला काही नाही गं. "मंग वादळ?" म्हटलं, वादळ खरं आहे. ती डॉक्टरांकडे वळली, जसे काय हवामान खात्याचे अधिकारी तेच, आणि म्हणाली, "साहेब, नक्की काय खरं हाय?" डॉक्टरांनी निमूटपणे मला बीपीचा पट्टा बांधला. फुस् फुस् केलं. काट्याकडे बघितलं, पुन्हा फुस् फुस् केलं. म्हणाले, "वाढलंय." वाढणार नाही तर काय होईल, तुम्हीच सांगा! आणि तेवढ्यात अंजली भिंतीला धरून बाहेर पळाली. तिला संतोषची गाडी लागली होती. झालं! वाचला फक्त संतोष.

गोळ्यांच्या तीन पिशव्या घेऊन घरी येतोय तोच कंपनीच्या बाईचा फोन. गोड आवाज. "सर, आपण आजारपणामुळे सफर रद्द केल्याबद्दल आम्हाला खेद आहे." म्हटलं, आम्ही नाही केली, तुमच्याकडे वादळ आहे. "नाही सर, आमच्या स्क्रीनवर वातावरण उत्तम दिसतंय." म्हटलं, बाई, तुमचा स्वतःचा तांडेल सांगतोय बावटा लागलाय! "हो का? मग आम्हीही रद्द करू सर, पण आपण आधी केलेली आहे. रद्द केलेली पुन्हा रद्द होत नाही." मी तांडेलाला फोन लावला. तो म्हणाला, "मी खंय रद्द केलंय? मी सांगलंय बोट सुटाची नाय. रद्द हाफिसवाले करतत."  वादळ म्हणतं मी नाही, तांडेल म्हणतो मी नाही, आक्का म्हणते मी किशासाठी, अंजली म्हणते मी आक्कांच्या सांगण्यावरून, स्नेहा म्हणते मी आईच्या सांगण्यावरून... मग रद्द कुणी केला? मी तर बॅग भरून तयार होतो!

आक्का मग अंथरुणालाच खिळली. रजई, शेगडी, वाफारा, आणि अंजलीचा काढा. मी उशाशी बसून असायचो. मला तिच्याकडे बघवेना. कुणाला सांगू नका, पण ताप चढला तेव्हा मी फार घाबरलो होतो. मला वाटलं, एवढं एकच मागितलं हिनं, तेही मागितलं नाही, नुसतं पुस्तकात बघितलं, आणि आपल्याला तेवढंही... जाऊ द्या. ताप उतरला त्या दुपारी ती म्हणाली, "किशा, खरंच वादळ व्हतं का रं?" मी तांडेलानं पाठवलेला व्हिडिओ लावला. काय ते पाणी! धक्क्यावरून उसळून वर येतंय, नारळी नुसत्या पिंजारल्यात, आणि तो आवाज. आक्का उठून बसली. फोन माझ्या हातातून काढून घेतला, नाकाशी धरला. पुन्हा लाव म्हणाली. पुन्हा लावला. मग म्हणाली, "कसा चिडलाय बघ! आपन गेलो असतो तर ह्यानंच हाकललं असतं." आणि हसली. हसता हसता खॉक्, पण हसली. मीही हसलो. नंतर गॅलरीत जाऊन जरा डोळे पुसले, थंडीमुळे, दुसरं काही नाही.

बरी झाली, आणि लगेच निघाली. म्हटलं, राहा ना आक्का. "नाय रं, घर उघडं हाय." कुलूप लावून आलेली बाई, घर उघडं कसं? पण मी विचारलं नाही, आता मी काही विचारायचंच सोडून दिलंय. तिला गाडीत बसवून दिलं.

आणि परवा फोन आला कंपनीचा. वादळ गेलं, समुद्र कसा तळ्यासारखा, आणि पगारे सरांसाठी खास नवीन तारीख! मी उड्या... नाही, उडी नाही मारली, शहाणा झालोय. बसून नांदगावला फोन लावला. "आक्का, तारीख मिळाली! पुढच्या आठवड्यात निघायचं!" तिकडून आवाज, "पुढच्या आठवड्यात? नाय जमायचं." म्हटलं, का गं, बरं नाही का? "मला काय धाड भरलीय? पुढच्या आठवड्यात नळाला पानी येनार हाय." म्हटलं, कुठल्या दिवशी? "तेच तर सांगत नाय ना ते लोक! आलं की आलं. मागच्या वेळी मी तुझ्याकडं व्हते, तर समदी गल्ली भरून घेऊन मोकळी झाली, अन् माझं पिंप कोरडं." म्हटलं, अगं पण समुद्र! समुद्र, आक्का! तर मला समजावतात कशा बाई, लहान पोराला समजवावं तसं, "किशा, समुद्र काय रं, तो रोज ऱ्हातोय. नळाचं तसं नाय."

 केला कंपनीला फोन. म्हटलं, बाई, ही तारीखही रद्द करा. हो, ह्या वेळी मीच करतोय, माझंच नाव लिहा. ती म्हणाली, "कारण काय लिहू सर? हवामान की आजारपण?" म्हटलं, नांदगावला नळाला पाणी येणार आहे. बराच वेळ नुसतं टकटक टकटक वाजत राहिलं पलीकडे. मग म्हणाली, "सॉरी सर, असं कारण आमच्याकडे नाहीये. 'इतर'मध्ये टाकू?"

म्हटलं, टाका बाई.